थंड बाटली, बसायची जागा

उन्हाळ्याच्या संध्याकाळी पांढुर्ण्यात किंवा सौंसरला दारूच्या दुकानाच्या जाळीपाशी कान दिला, तर बिअर घेणारे दोनच प्रश्न विचारताना ऐकू येतात. "भाऊ, थंडी हाय का?" आणि "स्ट्राँग हाय ना?" तिसरा प्रश्न आलाच, तर तो भावाचा असतो. चवीचं कोणी विचारत नाही. आमच्या माणसांना चव कळत नाही असा याचा अर्थ कोणी काढला, तर तो साफ चूक आहे. हीच माणसं संत्र्याची फोड तोंडात टाकून फळ आंबिया बहाराचं की मृगाचं ते सांगतात. सावजीच्या रश्श्यात खसखस कमी पडली तर पहिल्या घासाला ओळखतात. बिअरच्या बाबतीत त्यांनी चव विचारणं सोडलं, कारण विचारून फरक पडत नाही. फळीवर नावं पुष्कळ, लेबलं रंगीबेरंगी, कुठे पक्षी, कुठे किल्ला, कुठे परदेशी शहराचं नाव. आत मात्र जवळजवळ सगळीकडे एकाच घराण्याचं पेय आहे. त्या घराण्याचं नाव लागर.

बिअरचं दुसरं मोठं घराणं एल. इंग्लंडच्या पबमध्ये ती शतकानुशतकं प्यायली गेली. भारतात इंग्रजांनी आधी तीच आणली, तीच इथे गाळली. आज ती पुण्या-मुंबईच्या ब्रुअरींत पुन्हा मिळू लागली आहे, पण नागपूर ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याकडे येता येता तिचा पत्ता नाहीसा होतो. मी सौंसरचा. दोन्ही घराण्यांच्या बिअर आवडीने प्यायलो आहे आणि त्यांच्यातला फरक कशामुळे पडतो याचा बराच शोध घेतला आहे. माझ्या मते एल इथे न येण्याचं कारण आमची जीभ नव्हे. लागर बाटलीत बंद होऊन कुठेही जाते. एलला बसायला जागा लागते, आणि तशी जागा आमच्याकडे नाही.

आधी फरक समजून घेऊ. दोन्हींचा आरंभ एकच. जवाला मोड आणायचे, ते वाळवून भाजायचे, भरडून गरम पाण्यात ठेवायचे, उतरलेलं गोड पाणी हॉप्सच्या कडवट फुलांबरोबर उकळायचं आणि निवल्यावर त्यात यीस्ट सोडायचं. वाटा इथे फुटतात. एलचं यीस्ट साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला काम करतं, चार-सहा दिवसांत साखर फस्त करतं आणि फेसाबरोबर वर येतं. त्या उबेत ते नुसतं अल्कोहोल तयार करत नाही, फळांची आठवण देणारे गंधही सोडतं: कधी सफरचंद, कधी पेअर, गव्हाच्या काही बिअरमध्ये तर चक्क पिकलेलं केळं. लागरचं यीस्ट ७ ते १३ अंशांत राबतं आणि तळाशी बसतं. थंडीत दही लागायला वेळ लागतो तसंच हे. त्यानंतर ती बिअर गोठणबिंदूच्या आसपास काही आठवडे ठेवावी लागते. या मुदतीत तिच्यातले जादा वास निवतात, पेय नितळ होतं, चव सरळ आणि स्वच्छ होते. म्हणजे एलमध्ये यीस्ट बोलतं, लागरमध्ये ते गप्प राहतं. चांगली लागर करणं म्हणूनच अवघड. तिच्यात दोष लपवायला जागा नसते, आणि जो कारागीर ती नीट करतो त्याला मी मानतो.

लागरच्या यीस्टची कुळकथा विलक्षण आहे. ते संकरातून झालं आहे. एक पालक एलचं, म्हणजे आपल्या पावाचंही, यीस्ट. दुसरा कोण हे शास्त्रज्ञांना बराच काळ सापडत नव्हतं. २०११ साली तो अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाच्या बीच-जंगलांत झाडांवर सापडला. पुढे तिबेट आणि आयर्लंडमध्येही त्याचा माग लागला. थंडी सोसण्याचा गुण लागरच्या यीस्टला या जंगली पालकाकडून मिळाला. लागरच्या यीस्टचा शुद्ध वाण एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत वेगळा केला. त्याआधी १८४२ साली बोहेमियातल्या पिल्सन गावी योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने फिकट जवाची सोनेरी लागर गाळली होती. आज जगात बिअर म्हणून जे पिवळं, पारदर्शक, फेसाळ पेय ओळखलं जातं, ते बहुतेक तिचंच वंशज. बव्हेरियात तोवर लागर डोंगरातल्या तळघरांत, हिवाळ्यात कापून ठेवलेल्या बर्फाच्या आधाराने मुरत असे. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी म्युनिकच्या ब्रुअरींसाठी थंडी पैदा करणारं यंत्र बांधलं आणि डोंगराची गरज संपली. थंड तळघरांत जन्मलेली बिअर पुढे जगातल्या सगळ्यांत तापणाऱ्या गावांची बिअर झाली, ती त्या यंत्राच्या बळावर.

हे यंत्र यायच्या आधी हिंदुस्थानात लागर गाळणं शक्यच नव्हतं. इंडिया पेल एलची गोष्ट पुष्कळदा सांगितली गेली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची फिकट, हॉप्स भरपूर घातलेली एल जहाजांतून येई. १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉपने आणि मग बासने त्याच्या तोडीची एल काढून हा बाजार काबीज केला. बर्टनच्या पाण्यातलं जिप्सम या कडवट एलला मानवत होतं. या गोष्टीत एक वर्ग मात्र बहुधा गाळला जातो. पेल एल अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची. आपल्या कामठीसारख्या छावण्यांतला साधा गोरा शिपाई पीत असे ती मुख्यतः काळपट पोर्टर. तीही एलच्याच घराण्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एडवर्ड डायर यांनी कसौलीच्या थंड हवेत ब्रुअरी उभारली. जालियनवाला बागेत गोळीबार करवणारा जनरल डायर हा त्यांचा मुलगा. त्यांची लायन बिअर शंभरेक वर्षं एल होती. १९४९ साली नरेंद्रनाथ मोहन यांनी ती कंपनी घेतली, आणि १९६० च्या दशकात लायनचीही लागर झाली. वीज आली, शीतगृहं आली आणि देशभर लागर पसरली. एल कधी गेली हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

खुद्द इंग्लंडातही ती जाता जाता राहिली. १९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी यीस्ट गाळून काढलेली, निर्जंतुक केलेली, वायू भरलेली बिअर पबांत आणली, कारण ती टिकायची आणि तिची निगा राखावी लागत नसे. १९७१ साली चार तरुणांनी आयर्लंडच्या पश्चिम टोकाला एका बारमध्ये बसून 'कॅम्रा' ही चळवळ सुरू केली. त्यांची मागणी होती जिवंत एलची. जिवंत म्हणजे पिंपात अजून यीस्ट आहे, पबच्या तळघरात तिचं शेवटचं किण्वन चालू आहे, बाहेरून वायू भरलेला नाही आणि ती हातपंपाने ओढून पेल्यात येते. अशी एल ११ ते १३ अंशांना देतात. पिंपाला तोटी लावली की तीन-चार दिवसांत ते संपावं लागतं, नाहीतर हवा लागून एल आंबते. म्हणजे तीन-चार दिवसांत पिंप रिकामं करतील एवढी माणसं रोज त्या खोलीत यायला हवीत, आणि तळघरात जाऊन पिंपाची काळजी घेणारा मालक हवा. यॉर्कशरमधल्या कीथलीच्या टिमोथी टेलरची 'लँडलॉर्ड' मला इंग्लिश बिअरांत सर्वांत आवडते. साडेचार टक्क्यांच्याही आतली, आधी बिस्किटासारखी गोडी, मग संत्र्याच्या सालीच्या जवळ जाणारा कडवटपणा. तीच बिअर बाटलीतून घेतली तर निम्मी हरवते. ससेक्समधल्या हार्वीजच्या 'बेस्ट'चंही तसंच. लंडनची 'प्राइड' बाटलीत त्यांच्यापेक्षा बरी टिकते. तिची ब्रुअरी २०१९ मध्ये जपानच्या असाहीने घेतली.

बिअरच्या चर्चेत देशी-विदेशीचा वाद इंग्लंडमध्येही रंगतो. तिथले एलवाले म्हणतात, आमची एल मातीतली, लागर परकी. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस इंग्रज माणूस एलपेक्षा लागर जास्त पिऊ लागला होता, आणि त्या 'परदेशी' लागरपैकी बरीचशी इंग्लंडातच तयार होत होती: डॅनिश नावाची नॉर्थॅम्प्टनला, ऑस्ट्रेलियन नावाची पुढे मँचेस्टरला. आमच्याकडे काय वेगळं आहे? छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज परिसरात फॉस्टर्स तयार झाली, कार्ल्सबर्गही होते. मध्य प्रदेशात भोपाळजवळ सोम कंपनीची हंटर, इंदूरला माउंट एव्हरेस्ट ब्रुअरीजची बिअर. मद्याच्या सरकारी वर्गवारीत या सगळ्या 'विदेशी मदिरा'. पाणी इथलं, जव राजस्थान-हरियाणाचे, आणि स्वस्त लागरमध्ये जवाला जोड म्हणून घालतात तो तांदूळ किंवा मका तर आमच्या शेजारचाच असू शकतो. छिंदवाडा मक्याचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. बिअर कुठून आली यापेक्षा ती कशी केली आणि कशी दिली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या बाबतीत हैदराबादच्या करन बिलिमोरियांचा प्रयोग मला मोलाचा वाटतो. इंग्लंडमध्ये शिकताना त्यांना वायूने भरलेली लागर जेवणाबरोबर पोट फुगवणारी वाटली आणि एल मसालेदार जेवणाला जड. दोन्हींच्या मधली, लागरसारखी गार पण एलसारखी मऊ बिअर त्यांनी १९८९ साली काढली. ती आधी बंगळुरूत गाळून जहाजाने नेली आणि इंग्लंडच्या भारतीय हॉटेलांत विकली. तीच कोब्रा.

सावजी जेवताना मला बिलिमोरियांचा मुद्दा नेहमी पटतो. मिरचीचा जाळ अल्कोहोलने आणि वायूने वाढतो, कडवट हॉप्सने आणखी धारदार होतो. आठ टक्क्यांची स्ट्राँग आणि सावजी मटण हे आमच्याकडचं लाडकं जोडपं आहे, पण त्यात दोघांचंही नुकसान होतं. बर्फागार बिअर जीभ बधिर करते, मग रश्श्यातली लवंग, दगडफूल, भाजलेलं खोबरं काही लागत नाही, नुसता चटका उरतो. सावजीला माल्टची गोडी असलेली, कमी वायूची, चार-साडेचार टक्क्यांची तपकिरी एल बसेल. ती जाळ निववते आणि मसाला मोकळा करते.

आता स्ट्राँगचं गणित. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत ५ टक्क्यांपर्यंतची बिअर साधी आणि ५ ते ८ टक्क्यांची स्ट्राँग. ६५० मिलीच्या बाटलीत ८ टक्के म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. भारतीय व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, ६० मिलीचा मोठा पेग म्हणजे जेमतेम २६ मिली. तेव्हा "बिअरच तर घेतली" म्हणणारा माणूस दोन मोठे पेग घेऊन उठलेला असतो, आणि घरच्यांशी तो खोटं बोलतो असंही नाही. त्याला खरंच तसं वाटतं. इंग्लिश पबमधला ४ टक्क्यांचा ५६८ मिलीचा पाइंट म्हणजे २३ मिलीच्याही आत. दोन पाइंट घेऊन दोन तास गप्पा मारणारा इंग्रज म्हातारा आमच्या एका बाटलीपेक्षा कमी पितो. देशात खपणाऱ्या बिअरचा फार मोठा हिस्सा स्ट्राँगचा आहे. सौम्य आणि स्ट्राँग बाटलीच्या किमतीत फरक थोडा, अल्कोहोलमध्ये दीडपटीहून जास्त. दिवसभर संत्र्याच्या क्रेट उचलून आलेला, खिशात मोजके पैसे असलेला माणूस काय घेईल हे उघड आहे. त्याच्या आवडीला मी नावं ठेवणार नाही; ज्या करपद्धतीने त्याची निवड ठरवून टाकली, तिला ठेवीन.

२०२३ साली दोन सरकारांनी एकमेकांच्या अगदी उलट दोन पावलं उचलली. ब्रिटनने १ ऑगस्टपासून मद्यावरचा कर अल्कोहोलच्या प्रमाणावर बांधला आणि पबमध्ये पिंपातून दिल्या जाणाऱ्या बिअरला बाटलीपेक्षा कमी दर ठेवला, म्हणजे लोकांनी चार माणसांत बसून पिणं सरकारला हवं होतं. मध्य प्रदेशाने १ एप्रिलपासून दुकानांना लागून असलेले, बसून पिण्याचे सगळे अहाते बंद केले.

अहात्यांची बाजू घ्यावी असं त्यांच्यात फार काही नव्हतं. पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकचे ग्लास, जमिनीवर चण्यांची टरफलं, कोपऱ्यात उलट्या. तिथून बाजाराला जाणाऱ्या बायांना मान खाली घालून जावं लागे. माजी मुख्यमंत्री उमा भारतींनी भोपाळच्या एका दारूच्या दुकानावर दगड फेकला तो २०२२ च्या मार्चमध्ये. त्या दगडामागे राज्यभरातल्या बायांचा राग होता आणि तो रास्त होता. पण अहाता बंद झाला म्हणजे पिणं बंद झालं नाही. ते गाडीच्या बॉनेटवर गेलं, ढाब्यामागच्या बाजेवर गेलं, नाल्याच्या काठी आणि संत्र्याच्या बगीच्याच्या धुऱ्यावर गेलं. तिथे फुटलेल्या बाटल्या आज बैलांच्या खुरात घुसतात. अशा ठिकाणी माणूस घाईत पितो. बाटली कोमट व्हायच्या आत, कोणी ओळखीचं यायच्या आत संपवायची. या पिण्यात चवीला वेळ नाही, जेवण नाही, "आता पुरे झालं, भाऊ" म्हणणारा कोणी नाही. स्ट्राँग लागर या परिस्थितीला अचूक बसते, कारण ती थंड असेपर्यंत तिची चव कळायची गरज पडत नाही.

आमचा मुलूख तसाही चहूबाजूंनी वेगवेगळ्या कायद्यांत अडकलेला आहे. १९५६ पर्यंत नागपूर आमची राजधानी होती. १ नोव्हेंबरच्या फेररचनेत नागपूर तिकडे गेलं, छिंदवाडा इकडे राहिला आणि मराठी बोलणारी सौंसर-पांढुर्ण्याची पट्टी मध्य प्रदेशात आली. २०२३ च्या ऑक्टोबरात या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. पश्चिमेला मुलताई तापीच्या उगमाचं गाव म्हणून १ एप्रिल २०२५ पासून दारूमुक्त आहे. दक्षिणेला काटोल-सावनेरकडे उतरलं की महाराष्ट्राच्या बिअर शॉपी आणि परमिट रूम लागतात. त्यापलीकडे वर्धा जिल्ह्यात गांधींमुळे दशकांपासून दारूबंदी. नात्यागोत्याची माणसं या सगळ्या हद्दी रोज ओलांडतात. बाटलीला मात्र त्या ओलांडता येत नाहीत. तिच्यावर राज्याचं नाव छापलेलं असतं आणि प्रत्येक राज्यात लेबल नव्याने मंजूर करून घ्यावं लागतं. बिरा ९१ या बिअरच्या कंपनीने आपल्या नावातला 'प्रायव्हेट' हा शब्द काढला, तर राज्याराज्यांत लेबलांची नोंदणी पुन्हा करावी लागून तिची विक्री कित्येक महिने अडली. तिची पांढरी गव्हाची बिअर एलच्याच घराण्यातली, आणि नागपुरातही ती तयार होत असे. आमच्या दारापर्यंत पोचलेली ती जवळजवळ एकमेव एल.

जागेचा प्रश्न फक्त आमचाच आहे असंही नाही. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समध्ये १९५०-६० च्या दशकांत लोखंडाच्या भट्ट्यांत राबणाऱ्या पंजाबी कामगारांना कित्येक पबांत बसू देत नसत; काहींत वेगळी खोली असे. १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स तिथल्या स्मेदिकला गेले, तेव्हा ते तिथल्या अशाच एका पबमध्येही गेले होते. त्याच वर्षीच्या कायद्याने सार्वजनिक जागांतल्या वंशभेदाला बंदी आली. पुढे त्याच भागातले बंद पडू घातलेले पब पंजाब्यांनी विकत घेतले, पंपावर एल-लागर दोन्ही ठेवली आणि स्वयंपाकघरात तंदूर पेटवला. आज त्या 'देसी पबां'त गोरे शेजारीही कुटुंबासह जेवायला येतात. बसायला न मिळालेल्यांनी बसण्याची जागा वाचवली. आमच्या गावी असा प्रश्न बायांचा आहे. सौंसरच्या कुठल्याही बारमध्ये एखादी शिक्षिका मैत्रिणीबरोबर जाऊन अर्धा पेला बिअर घेऊ शकेल का? नाही. आणि जोवर ती बसू शकत नाही, तोवर ती जागा अहात्यापेक्षा फार वेगळी होणार नाही, असं मी मानतो.

पुण्यात हे बदललं. २००९ साली तिथे डूलाली सुरू झाली, महाराष्ट्रातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून: मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत अडकून पडलेल्या गोऱ्या शिपायांची डोकी फिरत, त्यावरून इंग्रजीत रूढ झालेला शब्द. जर्मन कारागीर हाताशी घेऊन तिथे गव्हाची बिअर आणि एल गाळू लागले. पाठोपाठ इतर आले; ग्रेट स्टेट एल वर्क्सने मीठ आणि कोकम घातलेली एल काढली, ती मला आपल्याकडच्या नव्या बिअरांत सर्वांत आपली वाटते. सोलकढीवर वाढलेल्या जिभेला ती समजावून सांगावी लागत नाही. पुण्याच्या या ठिकाणी टाक्या काचेपलीकडे दिसतात, मुली येतात, आयटीतली पोरं आईवडिलांना घेऊन येतात, पेल्याबरोबर जेवण असतं. तिथे पेला महाग आहे हे खरं. आमच्या मजुराला तो परवडणारा नाही, आणि जी बिअर फक्त वीस-पंचवीस लाखांच्या पगारदारांची होते ती पबची बिअर म्हणवता येणार नाही. इंग्लंडचा पब मजुराचाही होता.

आपल्याकडे एलच्या रीतीचं, उबेत यीस्ट लावून केलेलं पेय नव्हतंच असं नाही. सौंसरच्या उत्तरेला डोंगर चढला की गोंड वस्त्यांत मोहाची वाळलेली फुलं मडक्यात भिजत घालतात. उन्हाळ्यात तीन-चार दिवस, हिवाळ्यात आठवडा. यीस्ट फुलांबरोबर आपोआप येतं, हवा ऊबदार असते, आणि त्या घोलाला फळाचा, मधाचा वास सुटतो. पुढे भट्टीवर चढवून अर्क काढतात, म्हणून मोहाच्या या दारूला बिअर म्हणता येत नाही. पण किण्वनाचं शास्त्र एलचंच. आणि तीही जागेची. देवाला आधी, मग पाहुण्याला, मग म्हाताऱ्यांना, आणि बायाही पंगतीत बसतात. इंग्रज सरकारने तिच्याशी वैर धरलं. मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहाच्या फुलांविरुद्ध कायदाच केला. मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्यापुरती काढण्याची मुभा राहिली, आणि अलीकडे राज्याने 'हेरिटेज' मद्य म्हणून तिला मान दिला. अलीराजपूरची मोंड आणि दिंडोरीची मोहुलो बचत गटांच्या नावाने बाजारात आली. पांढुर्णा जिल्ह्यातल्या बचत गटाचीही अशी बाटली यावी. मात्र ती बाटलीतच राहिली, तर पंगत मागे राहील.

आमच्या तहसिलीत किण्वन मोठ्या प्रमाणावर चालतं ते वेगळ्याच कारणासाठी. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात गुलशन पॉलिओल्सचा धान्यापासून इथेनॉल करणारा कारखाना आहे. ते इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. यीस्ट सांभाळणारे, तापमान राखणारे, टाक्या धुणारे प्रशिक्षित हात त्यामुळे इथे तयार होत आहेत. चांगली बिअर करायला याच कौशल्याची गरज असते.

आणि संत्री आहेतच. नागपुरी म्हणून जगात जाणाऱ्या संत्र्यांतली पुष्कळशी आमच्या बगीच्यांची. महाराष्ट्रात 'संत्रा' नावाची देशी दारू खपते, तिच्यात वास तेवढा संत्र्याचा. बेल्जियममध्ये मात्र गव्हाची एक एल पूर्वापार वाळवलेली संत्र्याची साल आणि धने घालून करतात. हूगार्डन गावात ती बंद पडली होती. पिएर सेलिस या दूधवाल्याने १९६६ साली ती पुन्हा गाळली आणि आज जगभर ती पितात. साल आमच्याकडे, धने कुंभराजच्या बाजारात, गहू मध्य प्रदेशाचा नामांकित. ती एल पाच टक्क्यांच्या आत असते, सावजीलाही चालते, उन्हाळ्यातही जड होत नाही. मार्गशीर्ष-पौषात सौंसरची रात्र दहा-बारा अंशांवर येते. इंग्लंडच्या तळघरात एल ठेवतात तेच हे तापमान. मेमध्ये पारा पंचेचाळिसाला टेकला की मी स्वतः नितळ, गार पिल्सनर लागर मागेन आणि तीच योग्य म्हणेन. पण वर्षाचे चार महिने ही हवा एलची आहे.

२०२५-२६ च्या अबकारी धोरणात मध्य प्रदेशाने कमी अल्कोहोलच्या पेयांचे वेगळे बार काढायला परवानगी दिली: फक्त बिअर, वाइन आणि तशीच पेयं, दहा टक्क्यांच्या आत, व्हिस्की-रम नाही. मला या तरतुदीत आशा दिसते, जर ती भोपाळ-इंदूरच्या मॉलांपुरती राहिली नाही तर. पांढुर्ण्याच्या स्टेशन रोडला किंवा सौंसरच्या बाजारात अशी एक खोली निघावी. जेवण मिळावं, उजेड असावा, बायांना वेगळी 'फॅमिली केबिन' न देता त्याच टेबलावर बसता यावं, आठ टक्क्यांची बाटली तिथे मिळू नये आणि साडेचार टक्क्यांच्या पेल्यावरचा कर त्या बाटलीपेक्षा खरोखर कमी असावा. पुण्याच्या एखाद्या ब्रुअरीने आंबिया बहाराची दोन पोती साल मागवली, तर संत्र्याची पहिली एल पौषात तयार होईल. ती सौंसरात विकायची तर लेबल मध्य प्रदेशाकडून मंजूर करून घ्यावं लागेल, आणि दर १ एप्रिलला लागू होणाऱ्या नव्या धोरणात पिंपातल्या बिअरचा दर काय ठेवतात तेही पाहावं लागेल.